बुडल्या घराचा पत्ता

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

खळ्… खुळ्… आणि मग क्षणभर काहीच नाही.

सागरगोट्यांचा आवाज. ओट्याच्या काळ्या दगडावर चार गोटे विखरायचे, पाचवा वर उडायचा. तो वर असेपर्यंत घर श्वास धरून बसायचं, मग तळहातात परत, खुळ्. माझी थोरली बहीण चंद्रा. आईने कितीही हाका मारल्या तरी डाव पुरा केल्याशिवाय उठायची नाही. तिला जाऊन साठ वर्षं झाली.

आज दुपारी बाराच्या सुमारास माजघरात आडवा झालो होतो. गौरी-गणपती काल गेले, मखराची जागा मोकळी, घरात मी एकटा. आणि तोच आवाज आला. फरशीच्या खालून.

उंदीर आहेत, मला कळतं. जोत्याखाली त्यांनी घर केलं आहे. माझी बायको रंभाबाई होती तोवर वावर कमी होता, ती गेल्यापासून सहा वर्षांत वाढतच गेला. यंदा तर कैलासच्या गाडीतल्या वायरी खाल्ल्या. पोरगं सणाला म्हणून नांद्याहून आलं आणि जाताना गाडी दोर लावून ओढत न्यावी लागली.

सूनबाई गौतमी हसत म्हणाली, "बाप्पापुढचा लाडूवाला आणि हा बोनेटमधला, दोघं सख्खे भाऊच असणार." कैलास हसला नाही.

"नाना, दसऱ्यापर्यंत मुदत. खालचा उंदीर गेला तर रहा खुशाल इथं. नाही गेला तर जेसीबी आणतो. घर पाडू, नवं बांधू, तवर तुम्ही आमच्याकडं नांद्याला."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

नंतरचं नंतर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नवव्या मजल्यावर माझ्यासाठी एक खोली ठेवली आहे, पडदेसुद्धा लावलेत. पण तिथे पायाखाली जमीन नसते, दुसऱ्या कुणाचं तरी छत असतं. मी तिथे टिकणार नाही. दसरा २ ऑक्टोबरला आहे.

शाळेतून निवृत्त होताना हजेरीपटाच्या दोन कोऱ्या वह्या मिळाल्या होत्या, त्यातली ही दुसरी. तेहतीस वर्षं शिपाई होतो. घंटा द्यायची आणि खिडकीबाहेर बाकावर बसायचं. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता मला बाहेरून पाठ झाल्या. वर्गातली पोरं विसरली असतील, मी नाही विसरलो.


५ सप्टेंबर

आमच्याकडे त्यांचं नाव घेत नाहीत. मामा म्हणतात. नाव घेतलं की त्यांना कळतं आणि मग ते हट्टाने कपडे कातरतात, असं आई सांगायची. परवा मी वहीत बिनदिक्कत लिहिलं. म्हटलं, कागदाला कुठे कान असतात.

आज वही उघडली तर त्या पानाचा कोपरा गेलेला. वही पत्र्याच्या पेटीत होती. पेटीला कडी होती.

यापुढे मामाच लिहीन.

पिंजरा लावला, आत भजं अडकवलं. सकाळी भजं गायब, दार उघडंच.


८ सप्टेंबर

कैलासने पाठवलेला माणूस आला, शैलेश. हिंजवडीकडच्या सोसायट्यांमधून औषधं मारतो. निळा गणवेश, पाठीवर टाकी, बोलायला तरतरीत.

"नाना, टेन्शन घेऊ नका. चार दिवसांत विषय संपवतो."

"हळू बोल."

"का, कोण झोपलंय?"

 मी खाली बोट दाखवलं. तो हसला आणि पायरीजवळच्या बिळाशी उकिडवा बसला. त्याच्याकडे एक लांब वायर होती, टोकाला कॅमेरा आणि दिवा, चित्र मोबाइलवर दिसतं. वायर हातभर गेली, दोन हात गेली, जातच राहिली.

"काका, खाली तळघर आहे का?"

"नाही. भर टाकून फरशी घातलेली आहे."

"मग हे काय?"

मी पडद्यात डोकावलो. माती कोरून केलेली पोकळी, झाडून घेतल्यासारखी स्वच्छ. कडेने भाताच्या लोंब्या रचलेल्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. आमच्या खाचरातला भात तर अजून पोटरीत आहे, दाणा भरलेला नाही. मध्ये हातभर मोकळी जागा आणि तिथे गोल गोल काहीतरी राखी रंगाचं.

"गोट्या दिसतात," शैलेश म्हणाला. "चार... नाही, पाच."

तेवढ्यात पडदा काळा झाला. शैलेशच्या हातातली वायर एकदम ताठ झाली आणि वीतभर आत गेली. त्याने ओढली, आतून कुणीतरी धरली होती. मग सोडली. शैलेश मागे बसला तो चिखलातच.

"मोठी घूस असेल," तो म्हणाला.  विषाच्या वड्या आत सरकवल्या, चिकट पुठ्ठे ठेवले, चहा न घेता निघाला.

भर दुपार होती. ऊन पडलं होतं. ऊन असूनही भीती वाटते, हे वाईट.


९ सप्टेंबर

विषाच्या सहाही वड्या आज पायरीवर मांडून ठेवलेल्या. एका रांगेत, एकीलाही दात लागलेला नाही. शाळेत पोरं पाट्या तपासायला मांडायची तशा.


११ सप्टेंबर, गुरुवार

पिंजऱ्याचं दार पडलं होतं. मामा आत नव्हता. आत एक सागरगोटा होता.

राखी, गुळगुळीत, एका अंगाला बारीक चीर. ही चीर मला माहीत आहे. चंद्राचा उडवायचा गोटा हाच. मी तो एकदा चोरून दाताने फोडायला गेलो होतो तेव्हा पडलेली ती चीर. माझा दात हलला, चंद्रा पोट धरून हसली आणि म्हणाली, "इठू, तुझ्यापेक्षा माझा गोटा पक्का."

तो घेऊन दिवसभर बसून राहिलो. आता नीट लिहून काढतो.

सन पासष्टचा भादवा. मी अकरा वर्षांचा, चंद्रा सतरा-अठराची. दुपारी बारा वाजता ती धुणं घेऊन धरणाच्या पाण्यावर गेली आणि पाय घसरून बुडाली. देह सापडला नाही. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, होडी घालू दिली नाही. "पाण्यानं नेलं ते पाण्याचं झालं," एवढंच बोलले. दर्भाचा पुतळा करून दहन केलं. आई रडली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता.

दिवाळीच्या आत आबांनी सगळ्या घराला शहाबादी फरशी घातली. त्याआधी चंद्राची पाटी, वेणीचे गोंडे आणि सागरगोटे एका फडक्यात बांधून माजघरात पुरले. घरात ठेवू नये म्हणाले. हे गोटे घाटातल्या रानातले. सावळा नावाचा धनगराचा पोरगा तिला आणून द्यायचा. दर हिवाळ्यात त्याची मेंढरं खतासाठी आमच्या वावरात बसायची आणि चंद्रा त्याला भाकरी नेऊन द्यायची. त्या वर्षापासून आमच्या वावरात मेंढरं बसली नाहीत. का, ते मला कुणी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र मला आजवर उलगडलेली नाही. तिला जाताना मी पाहिलं आहे. ओट्यावर बसून कविता पाठ करत होतो. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, "चुकू नको, परत म्हण," म्हणाली आणि गेली. पण माझ्या आठवणीत ती पाण्याकडे उतरत नाही. डोंगराच्या पायवाटेने वर चढते. पाणी तर खाली आहे. लहानपणीची आठवण, आरशातल्यासारखी उलटी झाली असावी.


१४ सप्टेंबर

कोंडाबाई शेरडं घेऊन कुंपणापाशी थांबली. वरच्या धनगरवाड्यावरची, साठीची, जिभेने तिखट. रोज जाता-येता दोन शब्द बोलते.

"काय नाना, मामा लोकांनी जेवायला बलिवलं का न्हाई अजून?"

"मीच वाढतोय त्यांना."

"तुमाला बी दोस्त चांगलं घावल्यात. बोलत तरी न्हाईत."

वर माळावरच्या दगडावर एक म्हातारी बसलेली दिसली, डोक्यावर घोंगडं. गेले तीन-चार महिने ती रोज दुपारी तिथेच बसते, तोंड माझ्या घराकडे करून. विचारलं कोण ती.

"माजी थोरली जाऊ. घाटाखाली ऱ्हायची. दीर वारलं, मंग मी हिकडं आनली. लई बोलत न्हाई. पर तुमी शाळंत व्हता न्हवं? ती बी कविता म्हनती. शेरडांम्होरं."

"कुठल्या इयत्तेच्या?"

"आता शेरडं कंच्या इयत्तेत हायती मला काय ठावं!" ती खदखदून हसली. मग हसू आवरून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "तुमास्नी कोन बहीन व्हती न्हवं, नाना?"

"होती. बुडाली."

"व्हय," कोंडाबाई म्हणाली. "आसंच सांगत्यात." आणि शेरडांना हाकत गेली.

धनगरवाड्यावर कविता! मला फार बरं वाटलं. कविता कुठेही उगवते, बांधावरच्या तेरड्यासारखी.


१६ सप्टेंबर

पाऊस. खालचा आवाज आता रोज बारा वाजता येतो. एक गोटा माझ्याजवळ, म्हणजे खाली चार. आवाजही तसाच येतो. चार विखुरतात, खळ्, आणि मग नुसती शांतता. पाचवा कुणी झेलत नाही. ती शांतता संपतच नाही. मी पलंगावर बसून वाट बघतो.

गौतमीचा फोन. "नाना, बिळातल्या पाण्याने ताप येतो, चपला घालून फिरा." चांगली पोर आहे. खोलीच्या पडद्यांचा फोटो पाठवला. निळे आहेत.


२० सप्टेंबर, शनिवार, चतुर्दशी

अपघाताने गेलेल्यांचं पान आज ठेवतात. चंद्राचं साठावं पान. आई असताना ती वाढायची, मग रंभाबाई, आता मी. भात, वरण, गवारीची भाजी, वडे. केळीच्या पानावर वाढून ओट्यावर ठेवलं.

आबांच्या पानाला कावळा ताट खाली ठेवायच्या आत शिवतो. रंभाबाईच्या पानाला तर दोन-दोन येऊन भांडतात. चंद्राच्या पानाला साठ वर्षांत एकदाही कावळा शिवलेला नाही. गावातले म्हणायचे, पोरीची इच्छा राहिली. कोणती, ते कुणाला कळलं नाही. आई पान वाढायची, पण "ये, खा" असं तिने कधी म्हटलं नाही. पान ठेवून डोंगराकडे बघत उभी राहायची.

आजही तेच. जांभळीवर पाच कावळे बसले होते. पानाकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, पण खाली कोणी आलं नाही. मी तासभर हात जोडून उभा राहिलो आणि पाणी प्यायला आत गेलो.

परत आलो तर पान चाललेलं होतं. ओट्यावरून सरकत, न सांडता, एक शीतही न सांडता पायरी उतरून बिळाकडे. खालून किती जणांनी धरलं होतं दिसलं नाही. पान दुमडलं आणि आत गेलं. कावळ्यांनी तेव्हा एकदम ओरडायला सुरुवात केली.

मी हात जोडलेलेच ठेवले. दुसरं काय करणार?


२२ सप्टेंबर, घटस्थापना

दहा दिवस उरले. शैलेश फोन उचलत नाही. कैलास म्हणतो, जेसीबीवाल्याशी बोलून ठेवलंय. कोंडाबाईला सगळं सांगितलं. पानाचं, गोट्याचं. ती कुंपणाला टेकून ऐकत राहिली.

"मारून कुटं सरत्यात, नाना? त्यास्नी वाटंला लावायचं आस्तं."

"म्हणजे कसं?"

"बाराच्या टायमाला बिळाम्होरं पानावर दानं ठिवायचं. आन् पत्ता सांगायचा. नुस्तं जा म्हनलं तर जातील कुटं? मानसाला घर लागतं, त्यास्नी बी लागतं."

"कुणाचा पत्ता सांगायचा?"

"जित्या मानसाचा न्हाई. त्ये पाप हाय, त्याच्या घराला लागत्यात. बुडल्या घराचा सांगायचा. धरनाखाली किती घरं मोकळी हायेत. माज्या सासूनं शिकिवलं हाय, आमी तसंच करतो."

धरणाखाली गावं आहेत हे खरं, पण ती आमच्या आजोबांच्या वेळची. तिथल्या घरांची नावं मला ठाऊक नाहीत, आणि अनोळखी घराचा पत्ता द्यायचा म्हणजे पाकिटावर नुसतं गावाचं नाव लिहून टाकल्यासारखं.

माझ्या ओळखीचं, पाण्यात गेलेलं एकच माणूस आहे.


२३ सप्टेंबर, मंगळवार

केलं.

नुसतं तोंडी बोलायला संकोच वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता ऐकल्या, एक आपली करावी म्हटलं. हजेरीपटाचं पान फाडून सुवाच्य अक्षरात लिहिली:

जा मामांनो, जा रे आता, या घरची भाकर सरली,
जिथे आमुची चंद्रा गेली, वाट तुम्हाला ती उरली.
तिच्या अंगणी दाणा असेल, तिच्या उशाला ऊब असे,
सांगा तिजला, धाकटा तुझा अजून झेलित एक बसे.

बारा वाजता मूठभर तांदूळ पळसाच्या पानावर ठेवले, चिठ्ठीची सुरळी केली आणि बिळाशी बसून मोठ्याने म्हणून दाखवली. चुकलो नाही. दुसऱ्यांदा म्हणताना खालचा आवाज थांबला. शाळेत गुरुजी आल्यावर वर्ग गप्प होतो तसा. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा चिठ्ठी माझ्या बोटांतून हलकेच ओढून घेतली गेली. पोस्टाच्या खिडकीतून पत्र घेतात तशी.


२४ सप्टेंबर

गेले.

दुपारी पाऊस उघडला. पायरीपासून अंगणातल्या चिखलावर बारीक पावलं, हजारो, एकमेकांना न तुडवता एका पट्ट्यात. फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून. मी काठी घेऊन मागे गेलो. पट्टा पाण्याकडे वळला नाही. डोंगराच्या पायवाटेने वर गेला.

वाट चुकले बिचारे. पाणी तर खाली आहे.


२५ सप्टेंबर

घर इतकं शांत आहे की घड्याळाचाही राग येतो. बारा वाजता माजघरात बसलो. काही नाही.

संध्याकाळच्या आत कोंडाबाई आली. आज शेरडं नव्हती.

"गेलं का वो मामा?"

"गेले. तुझी सासू शहाणी."

"कुनाचं घर सांगितलं?"

"चंद्राचं. माझ्या बहिणीचं."

कोंडाबाईच्या हातातली काठी खाली पडली. तिने उचलली नाही.

"नाना, काय केलंसा वो ह्ये? मी काय सांगितलं व्हतं? जित्या..." आणि ती थांबली. पदर तोंडाला लावला.

"अगं, मेलेल्यांना काय त्रास? आणि ती माझी बहीण आहे. चार दाणे खाल्ले तर रागावणार नाही."

ती मागे वळली. अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणत डोंगर चढायला लागली, जवळजवळ पळतच. गेलेल्या माणसाचं नाव काढलं की खेड्यातल्या बाया घाबरतात. मला वाईट वाटलं. काठी कुंपणाला लावून ठेवली आहे.


२८ सप्टेंबर, रविवार

कैलास आणि शैलेश आले. कसा कोण जाणे, शैलेशला त्याने शोधून आणलं. कॅमेरा आत सोडताना त्याने वायर मनगटाला दोनदा गुंडाळली. पोकळी रिकामी. लोंब्या नाहीत, गोटे नाहीत, चिठ्ठी नाही. फक्त मधली मोकळी जागा, गुळगुळीत. रोज कुणी बसत असावं तशी.

"नाना, जिंकलात," कैलास म्हणाला. "रहा इथंच. शब्द तो शब्द." बिळात सिमेंट आणि काचांचा चुरा भरला. जाताना त्याने मला जवळ घेतलं. असं तो लहानपणानंतर करत नाही.

मला आनंद व्हायला हवा. घर राहिलं, मी राहिलो. पण दिवसभर एकच मनात येतं. चार गोटेही त्यांनी नेले. माझ्याकडचा हा एक उरला. मी तो वर उडवतो आणि झेलतो. खाली विखुरलेले चार असल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माळावरच्या दगडावर चार दिवस कुणी बसलेलं नाही.


३० सप्टेंबर, मंगळवार

 बारा वाजून गेलेत.

कडी वाजली. हाक नाही, नुसती कडी, थांबून थांबून तीनदा. दार उघडलं तर कोंडाबाईची ती जाऊ. वाकलेली, डोक्यावर घोंगडं, हातात काठी. पायरीच्या खाली उभी, कडी काठीच्या टोकानेच वाजवलेली, पायरीवर पाय ठेवत नव्हती.

"या बाई. कोंडाबाईची काठी न्यायला आलात का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायांवरून आत बघत होती.

"फरशी घातली व्हय," ती म्हणाली. "शेनाची व्हती तवा ऊब आसायची."

मी दारातून बाजूला झालो. 

"तुजं मामा आल्यात माज्याकडं. सात दिस झालं. नाचणी ठिवली न्हाई, घोंगडं ठिवलं न्हाई, उशाखाली येऊन बसत्यात. कोंडा म्हनली, मारूया. मी म्हनलं, नगं. पाव्हनं हायेत. कुनीतरी धाडल्यात." तिने कमरेच्या पिशवीतून सुरळी काढली. हजेरीपटाचा कागद, चारी कोपरे कुरतडलेले, मधलं अक्षर शाबूत. "च्यौथी शिकलीया मी. वाचता येतं आजून. दुसऱ्या वळीत चाल हिसका खाती, इठू. परत म्हन."

मला इठू म्हणणारं या जगात कुणी उरलेलं नव्हतं.

मी तिचे पाय बघितले. खरं सांगतो, आधी पायच बघितले. घोट्यापर्यंत चिखल होता. डाव्या पोटरीला वाटेतली जळू लागली होती आणि रक्ताचा बारीक ओघळ पावलावर उतरत होता. पायरीखालच्या दगडावर त्याचा एक ठिपका पडला.

मेलेल्या माणसाला जळू लागत नाही. कावळ्यांना हे साठ वर्षं माहीत होतं. आईलाही.

ती अखेर पायरी चढली. ओट्यावर, जिथे बसायची तिथेच बसली. मूठ उघडून चार गोटे दगडावर टाकले. खळ्.

मी पेटीतून पाचवा आणायला आत आलो, तर हाताला आधी वही लागली. गोटा माझ्या डाव्या मुठीत आहे. बाहेर तीच शांतता. आणि आता तिचा आवाज, म्हातारा, पण चढ अगदी तोच:

"इठू, आत काय लिवत बसलास? च्यार मांडल्यात. पाचवा आन, का त्यो बी बुडाला म्हनून सांगायचंय?"